बाटली आणि ठोकळा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक खुंटी आहे आणि त्या खुंटीला एक पिशवी आहे. त्या पिशवीत पिशव्या आहेत. त्या पिशव्यांत आणखी पिशव्या आहेत. आणि अगदी तळाशी काय आहे हे गेल्या पंधरा वर्षांत कोणी पाहिले असेल असे मला वाटत नाही. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा ही खुंटी आता मोकळी होणार अशी मला आशा वाटली होती. पण बंदी नव्या पिशव्यांना होती; जुन्या पिशव्या आमच्या घरी सेवानिवृत्त होऊन सुखाने राहिल्या. माळ्यावर याच कुळातल्या बाटल्यांची दोन खोकी होती. "लागेल कधीतरी" या एका सूत्रावर आमच्या सौभाग्यवतींनी हा सारा परिग्रह चालविला आहे. मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षे काढली. साइटवर टाकाऊ माल साठू देऊ नये म्हणून किती मुकादमांशी भांडलो याची गणती नाही. परंतु घरच्या साइटवर माझी सही चालत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडी ओसरत होती. एका रविवारी सकाळी माझी भाची आली आणि चहाचा पेला हातात घेण्यापूर्वीच म्हणाली, "मामी, त्या माळ्यावरच्या बाटल्या मला हव्यात. सगळ्या."

सौ.नी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन मी करीत नाही. "बघा, लागल्या की नाही?" एवढेच त्या म्हणाल्या, पण त्या चार शब्दांत पंधरा वर्षांचा विजय होता.

भाची स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी मुलांना एक प्रकल्प करावा लागतो. तिने घेतलेला विषय असा की, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा बारीक चुरा करून तो काँक्रीटमध्ये वाळूच्या काही हिश्श्याऐवजी घालावयाचा. मिश्रणाचे प्रमाण मी तपासून द्यावे अशी तिची इच्छा होती. "मामा, तुम्ही नुसती एकदा नजर टाका," असे ती म्हणाली. मी नजर टाकली, आणि तिला ती आवडली नसावी.

माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. काँक्रीटमध्ये कचरा जाऊ न देणे हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता. वाळूची गाडी आली की मूठभर वाळू घेऊन तळहातावर चोळायची, माती चिकटते का पाहावयाचे. मग चाळणीपाशी उभे राहून पालापाचोळा, शिंपले, कोळशाचे तुकडे, आणि अलीकडच्या काळात गुटख्याच्या पुड्या वेचून बाहेर फेकायला लावावयाच्या. ज्या पाहुण्याला जन्मभर दारातून हाकलले त्याच्यासाठीच आता पाट मांडून रांगोळी काढा, असे ही मुलगी सांगत होती.

काँक्रीट म्हणजे काय हे नव्या मुकादमाला सांगताना मी लाडवाचे उदाहरण देत असे. खडी हे बेदाणे-काजू, वाळू हा रवा, आणि सिमेंट-पाणी हा पाक. (सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नव्हे. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो आणि त्यामुळे ते कठीण बनते. म्हणून तर ते पाण्याखालीही जमते.) रव्याच्या कणाकणाला पाक धरला पाहिजे, तरच लाडू बसतो. आता त्या रव्यात मूठभर काचेचे मणी मिसळले तर काय होईल? लाडू वळला जाईल, ताटात शोभेलही. पण दाताखाली आला की मणी तेवढे सुटे होतील. प्लास्टिकचे तसेच आहे. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, आणि पाण्याशी त्याचे सूत नाही. त्याच्या कडेने सिमेंट नीट धरत नाही, तेथे एक पोकळसर, दुबळा थर राहतो. आणि भार आला म्हणजे वाळूचा कण जसा पाय रोवून उभा राहतो तसा हा राहत नाही, दबतो. म्हणून प्लास्टिक जसजसे वाढवावे तसतसे काँक्रीटचे बळ उतरते. हे मी तिला सांगितले. तिला ते माहीत होते. हल्लीच्या मुलांना आपण जे सांगायला जातो ते बहुधा आधीच माहीत असते, आणि तरीही ती आपल्याकडे येतात. याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

ती म्हणाली, "मामा, फ्लाय ॲशबद्दलही तुम्ही असंच म्हणत होतात ना? आई सांगते."

बहिणी असल्या गोष्टी विसरत नाहीत. खरे आहे, म्हणालो होतो. औष्णिक विद्युत् केंद्रांत दगडी कोळसा जाळल्यावर जी बारीक राख उरते तिचे डोंगर साठू लागले, आणि १९९९ साली केंद्र सरकारने ती राख बांधकामात वापरण्याविषयी अधिसूचना काढली. तेव्हा मी कचेरीत तावातावाने बोललो होतो की, उद्या हे आम्हाला चुलीतली राखही घालायला सांगतील. आज बाजारात मिळणाऱ्या पोझोलाना सिमेंटमध्ये शेकडा पंधरापासून पस्तीसपर्यंत ती राख असते, आणि माझ्या स्वतःच्या घराचा वरचा मजला त्याच सिमेंटचा आहे. तेव्हा कचऱ्याबद्दलचे माझे मत एकदा तरी साफ चुकलेले आहे.

आणि मागे जाऊन पाहिले तर आपल्या वाडवडिलांनी काय काय म्हणून मिसळले नाही! चुन्यात गूळ घातला, बेलफळाचा गर घातला, सुरखी घातली. मातीच्या भिंतीत भाताचे तूस आणि गवत घातले. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आहेत, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात म्हटले आहे. ज्या वस्तूने माणसाला चक्कर यावी तिने भिंतीला शतकानुशतके उभे ठेवावे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. परंतु या सगळ्यांत आणि बाटलीत एक भेद आहे, आणि तो मी भाचीजवळ बोलून दाखविला. राख सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावते. ती सुनेसारखी घरात येते आणि काही वर्षांनी घरचीच होते. प्लास्टिक कितीही दिवस राहिले तरी पाहुणेच. तंतूंची गोष्ट निराळी, कारण त्यांचे काम धरून ठेवण्याचे असते. पॉलिप्रॉपिलीनचे केसासारखे बारीक तंतू काँक्रीटमध्ये घालतात, हे मला मान्य आहे. ओल्या काँक्रीटला पडणाऱ्या बारीक चिरा ते आवरतात. बोगद्याच्या अस्तरात तर त्यांचा आणखी एक उपयोग आहे. आग लागली म्हणजे दाट काँक्रीटच्या पोटातील पाण्याची वाफ होते आणि तिला वाट न मिळाल्याने त्याच्या खपल्या स्फोटासारख्या उडतात. १९९६ साली इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यात लागलेल्या आगीत अस्तराचे असेच नुकसान झाले. तंतू असले तर ते आधीच वितळतात आणि वाफेला वाट करून देतात. वितळणे हा दोष, पण तेथे तोच गुण ठरतो.

"मग बाटलीचाही कुठे गुण असेल," भाची म्हणाली. "तोच शोधायचाय."

तिने एक निबंध माझ्यासमोर ठेवला. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठ आणि आपल्या फोंड्याजवळच्या फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी मिळून केलेल्या प्रयोगांचा तो वृत्तांत होता, साल २०१८. अकरा निरनिराळी मिश्रणे करून त्यांनी पाहिली: कोणते प्लास्टिक, किती बारीक, कोणत्या आकाराचे, रासायनिक प्रक्रिया केलेले की न केलेले. निष्कर्ष असा की, आकारमानाने वाळूचा दहावा हिस्सा काढून तेथे प्लास्टिक घालता येण्याजोगे आहे. मिश्रण नीट आखले तर काँक्रीट कामाचे राहते, आणि जगभर असे केले तर वर्षाला ८२ कोटी टन वाळू वाचू शकेल. दहावा हिस्सा, त्याहून अधिक नव्हे. आणि चुरा वाळूच्याच मापाचा, लहानमोठ्या कणांची उतरंड राखलेला. या निबंधाने माझे मत बदलले असे म्हणता येणार नाही. पण त्यातील 'वाळू' या शब्दाशी मी अडखळलो. तोपर्यंत मी बाटल्यांचाच विचार करीत होतो. वाळूचा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता.

माझे गाव भीमेच्या काठी, दौंडच्या बाजूला. लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली तरी पिण्याच्या पाण्याची ददात नसे. पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा खणावा, थोडा वेळ बसावे. तळाशी पाणी झिरपून येई, थंड आणि नितळ. त्याला आम्ही झिरा म्हणत असू. माझी आई वाटीने ते पाणी हंड्यात भरी आणि मी वाळूत पाय खुपसून बसे. ती वाळू नदीने किती शतकांत आणून टाकली असेल देव जाणे. पुढे मी नोकरीला लागलो, पुण्याच्या आसपास इमारती उठू लागल्या, आणि भीमेची वाळू गाड्यागाड्यांनी येऊ लागली. ती उत्तम होती. स्वच्छ, खरखरीत, मूठ आवळली की कुरकुर वाजणारी. मी ती ब्रासवर मोजून घेतली आणि सह्या केल्या. चांगली वाळू आली म्हणून मी गाडीवाल्याला शाबासकी दिलेलीही मला आठवते. ती कोठून आली हे मला पक्के ठाऊक होते. पण कोठून 'गेली' असा प्रश्न मनात कधी आला नाही. अलीकडे गावी गेलो होतो. पात्रात उघडा खडक होता आणि यंत्रांनी काढलेले खड्डे होते. त्यांत हिरवे पाणी साठले होते. काठावरच्या विहिरींना पाणी उरले नाही असे लोक सांगत होते. झिरा म्हणजे काय हे माझ्या चुलतभावाच्या नातवाला समजावून सांगावे लागले.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली काढलेल्या अहवालात जगाला दरवर्षी वाळू-खडी मिळून सुमारे पाच हजार कोटी टन लागते असे म्हटले आहे. एवढा मोठा आकडा मनात काही उमटवीत नाही. माझ्या सह्यांचे ब्रास मात्र उमटवितात. खरे म्हणजे आता पुण्यामुंबईकडे नदीची वाळू पुष्कळशी सुटली आहे. काळा दगड भरडून केलेली वाळू वापरतात. म्हणजे नदीऐवजी टेकडी खातात. असो. मी भाचीचे प्रमाण तपासून दिले.

त्यानंतरचे काही दिवस आमच्या अंगणात कारखाना होता. बाटल्यांची वेष्टने काढणे, धुणे, झाकणे निराळी करणे. झाकणांचे प्लास्टिक बाटलीच्या प्लास्टिकहून वेगळे असते. चुरा बादलीभर पाण्यात टाकला की झाकणाचे तुकडे तरंगतात आणि बाटलीचे बुडतात, हे भाचीने करून दाखविले तेव्हा सौ.नाही हसू आले; "तांदूळ धुतल्यासारखंच की," त्या म्हणाल्या. भंगाराच्या धंद्यातील एका गृहस्थांच्या यंत्रावर तिने चुरा करून आणला. पंधरा वर्षांच्या बाटल्या, आणि चुरा झाला तो एक घमेलेही भरेना! त्यातून हिशेब मांडला. एक घनमीटर काँक्रीटमधील वाळूचा दहावा हिस्सा काढला तर तेथे सुमारे पस्तीस किलो चुरा बसतो; एक लिटरच्या बाटलीचे वजन पंचवीस ग्रॅम धरले तर चौदाशे बाटल्या झाल्या. प्रयोगशाळेतल्या एका ठोकळ्यात पाच. एका बेताच्या घराच्या स्लॅबमध्ये आठ-नऊ हजार. भाचीचे डोळे चमकले.

पण बाटल्या कमी पडल्या म्हणून आणखी आणायला ती त्याच गृहस्थांकडे गेली, तेव्हा एक गोष्ट निघाली जी कोणत्याही निबंधात आम्हाला इतकी स्पष्ट दिसली नव्हती. ते म्हणाले, "ताई, बाटली माझ्याकडे राहतच नाही. तिला गिऱ्हाईक उभं आहे. तिचा धागा होतो. तुम्हाला फुकट हवं असेल तर हे घेऊन जा," आणि त्यांनी कोपऱ्यातला ढीग दाखविला: वेफर्सची चकचकीत पाकिटे, शांपूच्या पुड्या, तेलाने माखलेल्या पातळ पिशव्या. त्या ढिगाला कोणी हात लावीत नाही. रस्तोरस्ती हिंडून कचरा वेचणाऱ्या ज्या बायांनी १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यांच्या हिशेबातही बाटलीला मोल आहे. या ढिगाला जवळजवळ नाही. थरावर थर चिकटविलेले ते पाकीट ना धड प्लास्टिक, ना धड धातू. ते वितळवून पुन्हा काही करणे अवघड. आणि काँक्रीटला तर ते सर्वांत गैरसोयीचे; पातळ, मळकट, घडी पडणारे. म्हणजे अवस्था अशी झाली की, काँक्रीटला जे चालते त्याला आधीच गिऱ्हाईक आहे, आणि ज्याला गिऱ्हाईक नाही ते काँक्रीटला चालत नाही. १९५० ते २०१५ या काळात जगात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि त्यातील कचऱ्याचा अवघा शेकडा नऊ हिस्सा पुनर्वापरात आला, असा एक गणिती अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. त्या नऊतलीच बाटली उचलून आम्ही आपला प्रयोग चालविला होता!

पातळ पिशव्यांना डांबरी रस्त्यात मात्र जागा सापडली आहे. मदुराईच्या त्यागराजर महाविद्यालयातील प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ती शोधली; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे खडी तापलेली असते, तिच्यावर पिशवीचा चुरा पडला की तो वितळून दगडाला लेप देतो, आणि लेपाला डांबर चांगले धरते. दोघेही एकाच तेलाच्या कुळातले. काँक्रीट थंड आणि ओले. तेथे कोणी वितळत नाही, जो तो आपल्या जागी अलग राहतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २०१७ साली बाटल्यांच्या चुऱ्यावर गॅमा किरणांचा मारा करून त्याची पूड सिमेंटमध्ये घातली आणि त्याने बळ टिकते, इतकेच नव्हे तर वाढतेही, असे दाखविले. भाचीने ते वाचून आशेने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "गॅमा किरण तुझ्या मामीच्या माळ्यावर नाहीत."

ठोकळे पडले. दीडशे मिलिमीटर लांब, तितकेच रुंद, तितकेच उंच. प्रत्येकाचे वजन आठ किलोच्या आसपास. अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत. मग यंत्राच्या दोन पाटांमध्ये ठेवून दाब द्यावयाचा तो फुटेपर्यंत. एम-वीस या प्रतीच्या काँक्रीटचा असला एक ठोकळा पंचेचाळीस टनांच्या आसपास भार सोसतो, म्हणजे साधारण दहा हत्ती. मी निवृत्त झाल्यावर प्रथमच प्रयोगशाळेत गेलो होतो. तो ओल्या सिमेंटचा वास आला आणि मला उगाचच बरे वाटले.

साधे ठोकळे नेहमीप्रमाणे फुटले. काटा चढत गेला आणि एकदम कडाका झाला. दहा टक्क्यांचे ठोकळे थोड्या आधी फुटले, पण फुटण्याची तऱ्हा निराळी. आवाज बसका. चिरा पडल्या, तरी तुकडे काही वेळ एकमेकांना धरून राहिले. वीस टक्क्यांचे फारच उतरले. आणि दहा टक्क्यांच्या एका नमुन्यात घोटाळा झाला. नियम असा की, तीन ठोकळ्यांचा एक नमुना. त्यांची सरासरी घ्यावयाची. पण तिघांपैकी एकाचाही आकडा सरासरीपासून शेकडा पंधराहून अधिक ढळला तर तो सबंध नमुना बाद. तिसरा ठोकळा ढळला. दोन चांगले, एक अगदी वाईट. पुन्हा ठोकळे घालावेत तर अठ्ठावीस दिवस हवेत. प्रबंध देण्यास वीसच उरले होते.

बाहेर पायरीवर बसल्यावर ती हळूच म्हणाली, "मामा, तिसरा पडूनच फुटला असं लिहिलं तर? दोघांचीच सरासरी घेते. कोणाला कळणार आहे?"

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग तिला जे सांगितले ते मी सौ.नाही कधी सांगितले नव्हते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मोठ्या इमारतीचे काम माझ्या देखरेखीखाली होते. ठेकेदाराच्या माणसाने परीक्षणासाठी ठोकळे आणले. आकडे उत्तम आले, फारच उत्तम. मी फुटलेला तुकडा उचलून पाहिला. आत स्वच्छ, धुतलेली वाळू होती, आणि साइटवर त्या महिन्यात मातकट वाळू आलेली मीच चाळायला लावली होती. ठोकळे त्या स्लॅबच्या काँक्रीटचे नव्हते. परीक्षेसाठी निराळे, भरपूर सिमेंट घालून केलेले होते. मी वरिष्ठांना सांगितले. ते म्हणाले, "तारीख पुढे ढकलायची का?" मी सही केली. ती इमारत उभी आहे. तिच्यात रोज माणसे येतात-जातात. आजवर काही झालेले नाही, आणि बहुधा होणारही नाही, कारण हिशेबात सुरक्षेसाठी पुष्कळ जागा ठेवलेली असते. पण त्या रस्त्याने जाताना माझी मान आपोआप वर होते आणि मी तिच्या तुळया पाहतो. एकतीस वर्षे, नोकरी संपेपर्यंत, मी पावसाळ्यानंतर एकदा तरी काही निमित्त काढून तेथे जात असे. काँक्रीटच्या पोटात काय घातले आहे ते बाहेरून दिसत नाही. ज्याने घातले त्याला तेवढे माहीत असते.

भाची उठली, आत गेली आणि तो तिसरा ठोकळा घेऊन आली. आम्ही तो छिन्नीने फोडून पाहिला. आतले चित्र पाहून मी माझे दुःख विसरलो. चुरा सगळा वरच्या तीन बोटांच्या थरात गोळा झाला होता. खाली जवळजवळ नव्हता. प्लास्टिक हलके, सिमेंटचा गारा जड. साचा थरथरविणारे यंत्र या ठोकळ्याला जरा अधिक वेळ लावले गेले असावे, आणि चुरा ताकातल्या लोण्यासारखा वर आला. एवढ्याशा साच्यात हे होते, तर साइटवर, जेथे बिगारी घाईत असतात आणि यंत्र कधी दोन मिनिटे चालते तर कधी दहा, तेथे काय होईल? तिने तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले, नमुना बाद असे लिहिले, आणि त्या फोडलेल्या ठोकळ्याचे छायाचित्र जोडून त्यावर चार पाने लिहिली. परीक्षकांनी म्हणे बाकीचा प्रबंध चाळला आणि ती चार पाने वाचली.

घरी आल्यावर सौ.नी विचारले, "मग आपल्या घराला लावाल का हे?"

स्त्रियांचे प्रश्न असे असतात; नियमाच्या पुस्तकात त्यांना उत्तर नसते. मी म्हटले, छपराला लावणार नाही. अठ्ठावीस दिवसांची परीक्षा पन्नास वर्षांचे काही सांगत नाही; सिमेंटच्या पोटात जो क्षार असतो तो बाटलीचे प्लास्टिक हळूहळू खातो. आग लागली तर अडीचशे अंशांच्या सुमारास ते वितळू लागते. शिवाय घर पाडायची वेळ आली म्हणजे त्या राबिटातून हा चुरा कोणी वेचून काढू शकणार नाही. बाटलीची पुन्हा बाटली किंवा धागा होण्याची वाट तेथे कायमची बंद होते. "आणि अंगणाला?" सौ.नी विचारले. अंगणाला हरकत नाही, असे मी म्हणालो. तेथे डोक्यावर काही पडायचे नसते.

म्हणून उरलेल्या चुऱ्याच्या बारा फरशा मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाभोवती बसविल्या आहेत. प्रत्येकीवर ओल्यातच खिळ्याने तारीख कोरली आहे. त्यांवरून आता तीन पावसाळे गेले. एकही भंगलेली नाही. धुण्याची बादली आपटली तरी कोपरे उडत नाहीत, हे सौ.नी मोठ्या अभिमानाने शेजारणींना सांगितले आहे. मात्र धुण्याच्या दगडाला लागून असलेल्या दोन फरशा पायांनी आणि पाण्याने घासल्या गेल्या आहेत. गेल्या भाद्रपदात मी तेथे वाकून पाहिले, तर वरचा सिमेंटचा पापुद्रा गेला होता आणि आतले चकचकीत ठिपके उघडे पडले होते. नखाने खरवडताच एक निळा कण सुटून आला. बादलीच्या परीक्षेतून निसटलेले एखादे झाकण असावे. आमच्या अंगणाचे पाणी गटारात जाते आणि गटाराचे मुठेत. मुठा पुढे मुळेला मिळते आणि मुळा-मुठा भीमेला.

मी भाचीला पत्र लिहिले. ती आता नाशकास एका कामावर आहे. तिचे उत्तर आले: "मामा, त्या दोन फरशा काढून घ्या, पण फेकू नका. मी दिवाळीत येते, तोलून पाहू. मूळ वजन माझ्या वहीत आहे." फरशा काढल्या आहेत. जागा नव्हती म्हणून त्या माळ्यावर, बाटल्यांची खोकी होती तेथेच ठेवल्या आहेत. सौ.नी त्यांना काही हरकत घेतली नाही.